आकाशाचा कायदा आणि शेजाऱ्याचा हक्क

नारायणगावहून खोडदच्या वाटेला लागले की शेतांमधून आकाशाकडे तोंड केलेल्या जाळीदार तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. हीच जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रा. गोविंद स्वरूप यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, ती येथील शांततेसाठी. ही शांतता कानांना जाणवणारी नव्हे, तर रेडिओलहरींची. भोवतालचे डोंगर शहरांचा विद्युत्-कोलाहल अडवतात.

वाचकहो, या शांततेची किंमत कोणी तरी मोजत असते. परिसरात नवा उद्योग उभारायचा तर वेधशाळेची संमती लागते. पुणे-नाशिक जलद रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा नियोजित मार्गही दुर्बिणीला बाधा येईल म्हणून बाजूला ठेवला गेला. तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या तरुणाने विचारले की, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तारकाविश्वासाठी माझ्या रोजगाराने वाट का सोडावी, तर त्यास अडाणीपणा म्हणून झटकून टाकता येणार नाही.

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराचे पहिले कलम सांगते की अवकाशाचा शोध व वापर सर्व देशांच्या हितासाठी असावा, मग तो देश श्रीमंत असो वा गरीब. आणि हे क्षेत्र समस्त मानवजातीचे असावे. भारत या करारात सहभागी आहे. हे तत्त्व आपणांस परके वाटू नये. सूरह जासियात आकाश व पृथ्वीतील सर्व काही मानवाच्या सेवेस लावल्याचा उल्लेख येतो, आणि तेथील संबोधन बहुवचनी आहे. पाणी, चारा व अग्नी यांत सर्वांची भागीदारी असल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. जे एकाने अडवल्यास सर्वांचे नुकसान होते, ते कोणा एकाच्या मालकीचे होऊ नये, हा त्यामागील अर्थ.

परंतु कराराच्या भाषेत एक पोकळी आहे. 'मानवजात' हा शब्द आहे. मागणी मात्र राष्ट्रांनीच करावयाची. २ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात आकाशातून धातूचे मोठे कडे कोसळले. सुदैवाने ते मोकळ्या जागेत पडले. कोणाचे घर मोडले असते, तरी १९७२ च्या दायित्व करारान्वये भरपाईचा दावा शासनानेच मांडावयाचा होता. घरमालकाचे नाव त्यात थेट येत नाही. अवकाश-कायदा राजधानीपर्यंत पोहोचतो. तेथून वाडीपर्यंतची वाट मानवाधिकारांनी चालावयाची असते.

ही वाट किती लांब आहे, ते आंबेगाव तालुक्याला विचारावे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव दिसेनासे झाल्याचे प्रथम लक्षात आले ते तेथे पोहोचलेल्या एसटीच्या चालकाच्या. कोणता डोंगर कोणत्या पहाटे सुटेल, हे उपग्रह सांगू शकत नाही. तसा दावा करणे अन्यायाचे होईल. पण उतार, तडे, जुन्या दरडी आणि पावसाचा जोर यांची माहिती त्यातून मिळते. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने सुदूर संवेदनाची तत्त्वे संमत केली. आपत्तीग्रस्त देशाला उपयोगी पडणारी माहिती त्वरित कळवावी, असे त्यांत म्हटले आहे. २०२३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशातील दरडींचा नकाशासंग्रहही प्रसिद्ध केला. म्हणजे ज्ञान आहे. ज्याच्या छपरावर डोंगर उभा आहे, त्याला ते त्याच्या भाषेत सांगितले गेले का, हा प्रश्न जीविताच्या हक्काचा आहे. १९४८ च्या मानवाधिकार घोषणापत्राचे २७ वे कलम विज्ञानाच्या लाभात प्रत्येकाचा वाटा मानते. देशाचा नव्हे, प्रत्येकाचा.

येथे आपल्या फिक्हमधील एक नियम ध्यानी घ्यावा: लाभ ज्याच्या वाट्याला, भारही त्याच्याच वाट्याला. खोडदच्या शांततेचा लाभ जगभरच्या संशोधकांना होतो, मग तिचा भार दोन तालुक्यांनीच का वाहावा? दुर्बीण उठवावी, असे हे म्हणणे नाही. जुन्नरने आकाशाला शांतता दिली आहे. शिक्षण, बिनधुराचे उद्योग आणि वेळेवर इशारा ही त्या शांततेची परतफेड आहे. आज तर हजारो उपग्रह डोक्यावरून जातात. डोंगर शेजारच्या शहराचा गोंगाट अडवतो. वरून येणाऱ्या लहरींना तो काय अडवणार? गावकऱ्यांवर बंधन घालणाऱ्यांनी उपग्रहांच्या मालकांनाही तितक्याच ठामपणे थांबवावे, ही अपेक्षा न्यायाची आहे.

माळीणची बहुतेक कुटुंबे आदिवासी होती. शेजाऱ्याचा हक्क त्याचा धर्म विचारून ठरत नाही, हे आपण मुलांना शिकवतोच. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत त्यांच्यासोबत बसून विचारता येते: आमच्या डोंगराचा नकाशा कोणापाशी आहे? इशारा रात्री आला, तर दार कोण ठोठावणार? आणि लेकरे घेऊन जावयाचे कोठे?