केस : रचना, प्रयोजन आणि कसोटी

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव प्राचीन काळी ‘तगर’ या नावाने प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या बाजारपेठेचा उल्लेख आढळतो. गावातील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मातीच्या व हस्तिदंताच्या आकृती जतन केलेल्या आहेत. प्रतिमापूजनाविषयी आपली श्रद्धा स्पष्ट आहे. तथापि इतिहासाचा साक्षीदार म्हणून त्यांकडे पाहिले असता कारागिराने केशरचनेवर किती कष्ट घेतले, हे ध्यानात येते. केसांविषयीची माणसाची आसक्ती एवढी जुनी आहे!

ज्या वस्तूवर आपण इतका जीव लावतो, ती मुळात निर्जीव आहे. त्वचेबाहेर दिसणारा केस म्हणजे केरॅटिन या प्रथिनाचा मृत धागा. म्हणूनच कापताना वेदना होत नाहीत. वर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे आवरण, आत केसाला बळ व रंग देणारा गाभा, आणि जाड केसांत मध्यभागी मज्जा. गाभ्यातील केरॅटिनचे तंतू गंधकाच्या बंधांनी एकमेकांस बांधलेले असतात व केसाचे बळ बरेचसे या बंधांत असते. जिवंत आहे ते मूळ. डोक्यावर सुमारे 1 लाख केस असतात. प्रत्येक केस 2 ते 6 वर्षे वाढतो, महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर; मग सुमारे 3 महिने विश्रांती घेऊन गळतो. रोज 50 ते 100 केस गळणे हा आजार नव्हे.

मुळाशी तेलग्रंथी, मज्जातंतूंचे वेटोळे आणि एक सूक्ष्म स्नायू असतो. भीतीने वा थंडीने तो आकुंचन पावला की अंगावर काटा येतो. सूरह अज्-जुमरच्या 23 व्या आयतीत, आपल्या पालनकर्त्याचे भय बाळगणाऱ्यांच्या त्वचेवर कुरआन ऐकून शहारे येतात, असे वर्णन आहे. डोक्यावरचे केस उन्हाची तीव्रता रोखतात, भुवया घाम डोळ्यांत उतरू देत नाहीत, पापण्या व नाकातील केस धूळ अडवतात. निर्मात्याने काहीही निरर्थक घडविलेले नाही.

या देणगीची किंमत ती हिरावली गेल्यावर कळते. डिसेंबर 2024 व जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांत अवघ्या काही दिवसांत लोकांना टक्कल पडू लागले. स्त्रिया, मुले, वृद्ध कोणीही सुटले नाही. रायगड जिल्ह्यातील विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याचा संबंध रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमशी जोडला. सेलेनियमचे रासायनिक गुण गंधकाशी जुळतात. ते केरॅटिनमध्ये गंधकाची जागा घेते आणि धागा कमकुवत होतो. पुढे काहींची नखेही गळाली, कारण नखे त्याच केरॅटिनची बनलेली आहेत. शरीराला सेलेनियम अत्यल्प प्रमाणात आवश्यकच असते. घात केला तो प्रमाण सुटल्याने.

गळालेल्या केसांपेक्षा लोकांच्या नजरा अधिक टोचतात. सहीह बुखारीत बनी इस्राईलच्या तीन व्यक्तींची कथा आहे : एक कोडी, एक टकला, एक आंधळा. फरिश्त्याने विचारले असता टकल्याने सुंदर केस मागितले आणि लोक ज्यामुळे आपली किळस करतात ते दूर व्हावे, अशी इच्छा व्यक्त केली. अल्लाहने त्याला केस दिले, संपत्तीही दिली. पुढे तोच फरिश्ता गरजू टकल्याच्या रूपात दारी आला, तेव्हा याने त्याला ओळखही दाखविली नाही. कोड्यानेही तसेच केले. कसोटीत उतरला तो एकटा आंधळा. किळस सोसलेल्या माणसानेच दुसऱ्याकडे पाठ फिरवावी, हे या कथेतील मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. सोयरीक ठरविताना मुलीच्या विरळ केसांवर बोट ठेवणाऱ्या घरांनी ही हदीस वाचावी.

मग उपाय करू नये काय? अवश्य करावा, उपचार घेण्याचा आदेश प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच दिला आहे. मात्र ह. आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार, आजारात केस गळालेल्या एका अन्सारी नववधूला दुसऱ्याचे केस जोडण्यास त्यांनी मनाई केली. लोकर वा रेशमाचे धागे गुंफण्यास हनफी फकीहांनी मुभा दिली आहे. शिवाय केस ठेवणाऱ्याने त्यांची निगा राखावी, असेही सांगितले आहे. तेल-कंगवा हा केवळ नखरा नव्हे.

भगिनींनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. बाळंतपण, टायफॉइड वा मोठ्या तापानंतर 2-3 महिन्यांनी केस मुठीने गळू शकतात. अशा वेळी मूळ शाबूत असते व बहुधा काही महिन्यांत केस परत येतात. शेगावकडेही पुढे अनेकांच्या डोक्यावर नवे केस उगवू लागले. गळती थांबत नसेल, किंवा एकाच घरातील अनेकांचे केस एकदम जात असतील, तर महागड्या तेलांच्या जाहिरातींमागे न लागता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे आणि घरातले धान्य व पाणी तपासून घ्यावे.