चढते-उतरते भाव आणि शरीअतची दृष्टी



हिंजवडी परिसरात जुम्याच्या नमाजनंतर तरुण मंडळी जे मसले विचारतात, त्यांत अलीकडे बाजारभावाचे मसले वाढले आहेत. विचारणारे बहुधा तेथील इन्फोटेक पार्कमध्ये नोकरी करणारे असतात. इन्स्टंट कॉफीची तीच बरणी सुपरमार्केटात एका भावाने, मोबाइलवरून मागवली तर दुसऱ्या भावाने आणि पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच भावाने मिळते. असा व्यापार हलाल मानावा काय, असा त्यांचा प्रश्न असतो. त्याच सफेत बसणारा किराणा दुकानदार नेमका उलट बाजूने विचारतो: माझ्याकडे जुन्या भावाने भरलेला माल आहे, बाजार चढला आहे, तर मी तो नव्या भावाने विकू शकतो काय? या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच असल्याने त्यांचा विचार आपण एकत्रच करू.

प्रथम मूळ नियम पाहू. मदीनेत एकदा भाव फार चढले. सहाबांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विनंती केली की आपण भाव ठरवून द्यावेत. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी ते मान्य केले नाही. भाव घडविणारा, रोजी आखडती घेणारा व सैल सोडणारा अल्लाहच आहे, असे त्यांनी सांगितले. आणि कोणाच्याही जीवावर अथवा मालावर अन्याय केल्याचा दावा आपल्यावर नसावा, अशा स्थितीत आपल्या पालनकर्त्यास भेटण्याची इच्छा व्यक्त केली. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. तिचा अर्थ असा की मालाची आवक घटली वा मागणी वाढली म्हणून चढणारा भाव हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हे. विक्रेत्यालाही मालावर हक्क आहे, आणि जबरदस्तीने तो स्वस्तात घेणे हाही जुलूमच.

नफ्याचेही तसेच आहे. शरीअतने नफ्याची टक्केवारी ठरवून दिलेली नाही. हजरत उर्वा बारिकी (रजि.) यांना प्रेषितांनी एक बकरी आणण्यासाठी एक दीनार दिला. त्यांनी त्यात दोन बकऱ्या घेतल्या, त्यांतील एक एका दीनारास विकली आणि एक बकरी व तो दीनार घेऊन ते परतले. प्रेषितांनी त्यांच्या व्यापारात बरकतीची दुआ केली. सहीह बुखारीतील ही घटना नीट पाहिली तर दिसेल की तेव्हाच्या बाजारातही एकाच जातीच्या जनावराचे एका फेरीत दोन भाव होते. म्हणून ‘काल एवढ्याला होती, आज एवढ्याला कशी’ एवढ्याच आधारावर कोणाही व्यापाऱ्याला लुटारू म्हणणे योग्य नाही. तशी बदगुमानी स्वतःच एक गुनाह आहे.

कॉफीचे उदाहरण घेऊ, कारण या पेयाचा आपल्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागता यावे म्हणून कॉफी पीत. १५११ मध्ये मक्केत तिच्यावर बंदी आली आणि पुढे उठलीही. आपल्या देशात तिचे बी येमेनहून बाबा बुदन यांनी चिकमगळूरच्या डोंगरात आणले अशी परंपरा सांगते. त्या डोंगररांगेला आजही त्यांचेच नाव आहे. आज मात्र जगाचा भाव ब्राझील आणि व्हिएतनाम या दोन देशांतील हवामान ठरविते. इन्स्टंट कॉफीत मुख्यतः वापरला जाणारा रोबस्टा जातीचा दाणा सर्वाधिक पिकविणारा देश व्हिएतनाम आहे. तेथे व ब्राझीलमध्ये पाऊस हटल्याने २०२४ मध्ये भाव भडकले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका दाण्याने जागतिक बाजारात पौंडाला चार डॉलरचा टप्पा ओलांडून जुना उच्चांक मोडला. आपल्या कर्नाटकातील मळेवाल्यांनाही त्याचा लाभ झाला. भाव चढणे ही कोणासाठी तरी रोजीची वाढ असते, हे आपण शहरात राहून विसरतो. हिंजवडीतील फळीवर बरणी महागली, तिच्यामागे हे सारे होते. दुकानदाराचा त्यात हात नव्हता.

तथापि ही हदीस सांगून थांबणे म्हणजे अर्धाच धडा सांगणे होय, आणि काही वक्ते नेमके तेथेच थांबतात. ज्या प्रेषितांनी भाव ठरवून देण्यास नकार दिला, त्यांनीच बाजारातील अनेक व्यवहार कठोरपणे बंद केले. काफिला बाजारात पोहोचण्यापूर्वीच वाटेत गाठून त्याचा माल घेण्यास त्यांनी मनाई केली, आणि तशी विक्री झालीच तर बाजारात आल्यावर विक्रेत्याला सौदा मोडण्याचा अधिकार दिला. का? तर त्याला बाजारभाव ठाऊक नव्हता. खरेदीची इच्छा नसताना केवळ भाव फुगविण्यासाठी बोली लावणे, ज्याला नजश म्हणतात, तेही निषिद्ध ठरविले. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा लोकांना दिसावे म्हणून ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध तोडला. या तिन्ही आज्ञांत एक समान धागा आहे. भाव किती, याविषयी त्या काही बोलत नाहीत. सौद्याच्या एका बाजूला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या बाजूपासून लपवू नये, एवढेच त्या सांगतात. सूरह निसाच्या २९ व्या आयतीत व्यापाराला परस्पर राजीखुशीची अट घातली आहे. ज्याला वस्तुस्थितीच कळली नाही, त्याची राजीखुशी ती कसली?

आता याच कसोटीवर आपली बाजारपेठ पाहू.

बरणीवरील छापील किंमत, म्हणजे एमआरपी, सरकार ठरविते असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. सामान्यतः ती उत्पादक अथवा आयातदार स्वतःच ठरवितो. कायदा इतकेच सांगतो की सर्व करांसह ती किंमत पाकिटावर छापा आणि तिच्यापेक्षा जास्त घेऊ नका. त्याखाली कोणीही कितीही भावाने विकावे. समजा, एखाद्याने छापील किंमत मुद्दाम ५०० रुपये ठेवली आणि ती वस्तू कधीही ३५० च्या वर विकलीच नाही, तर ‘१५० रुपयांची सूट’ हे शब्द शरीअतच्या दृष्टीने नजशच्या फार जवळचे आहेत, असे माझे मत आहे. ‘फक्त दोन नग शिल्लक’ ही सूचना खोटी असेल तर तिचेही तेच. खरी सूट मात्र हलाल आहे, आणि मंगळवारी दिली व बुधवारी काढली तरी हलालच.

वजनाची गोष्ट अधिक नाजूक आहे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप मारणाऱ्यांचा विनाश सांगितला आहे. छोट्या पुडीची किंमत तीच ठेवून आतील ग्रॅम कमी करण्याची रीत सर्वत्र आहे. वजन खरे छापलेले असेल तर त्याला माप मारणे म्हणता येणार नाही. परंतु पुडीचा आकार, रंग सारे तेच ठेवून घट मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापणे, हे ओले धान्य तळाशी ठेवण्यासारखे नव्हे काय? कॉफीत चिकोरी मिसळलेली असते, तिचे प्रमाणही पाकिटावर द्यावेच लागते. दोन बरण्यांच्या भावातील फरक पुष्कळदा तेवढाच असतो. म्हणून पाकिटावर दर ग्रॅमची किंमत छापलेली असते ती वाचावी. घरातील मुलांना हे वाचायला लावणे हाही दीनी तालीमचाच भाग समजावा.

मोबाइलवरील भाव दर तासाला बदलतो, तेव्हा सौदा कधी पूर्ण झाला हे पाहावे. खरेदी टोपलीत टाकणे म्हणजे इजाब-कबूल नव्हे. दोन्ही बाजूंनी होकार होईपर्यंत विक्रेता भाव बदलू शकतो, पैसे घेतल्यानंतर नाही. फळीवर एक भाव आणि काउंटरवर बिलात त्याहून जास्त, असे आढळले तर आपल्याला तेथेच माल परत ठेवण्याचा अधिकार आहे. न सांगता जास्त घेतले असल्यास ते फसविणे होय. छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर अथवा राज्याच्या वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करावी. असे करणे सब्रच्या विरुद्ध आहे असे मानू नये.

पण, वाचकहो, याच्या उलट घडते तेव्हा? यंत्राच्या चुकीने बिलात एक बरणी लागलीच नाही, किंवा मोबाइलवर चुकून एका शून्याने कमी भाव दिसला, तर मित्रमंडळींत तो स्क्रीनशॉट आनंदाने फिरतो. कंपनी मोठी आहे, तिचे काय बिघडणार, असे म्हटले जाते. मोठ्याचा माल मोठा आहे म्हणून हलाल होत नाही. जी बरणी बिलात नाही ती आपल्या मालकीची झालीच नाही. परत जाऊन सांगणे वाजिब आहे.

आता दुकानदार बंधूच्या प्रश्नाकडे वळू. पाकीटबंद मालाचे उत्तर सोपे आहे. पाकिटावर जुनी किंमत छापलेली असेल तर तिच्या वर तो जाऊ शकत नाही. पूर्वी त्याहून कमी घेत असेल तर छापील किमतीपर्यंत चढू शकतो. सुटी तूरडाळ, साखर, तांदूळ यांबाबत, आजचा बाजारभाव घेणे जायज आहे, कारण उद्या भाव उतरला तर महाग भरलेला माल त्यालाही स्वस्तातच विकावा लागतो. मात्र ‘मलाच महाग पडले’ असे खोटे सांगू नये. तो न बोलता घेईल तो नफा हलाल. एका खोट्या वाक्यानंतर घेतलेला नफा फसवणुकीचा. तसेच टंचाईत माल मागे दडवून भाव चढण्याची वाट पाहणे हा इहतिकार आहे, आणि तो पापी माणूसच करतो असे सहीह मुस्लिममधील हदीस सांगते. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी ही मनाई माणसांच्या व जनावरांच्या अन्नापुरती मानली, तर इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी जी वस्तू दडविल्याने लोकांची हानी होते त्या प्रत्येक वस्तूला ती लावली. अन्नाचे व्यापारी मर्यादा ओलांडू लागले तर जाणकारांच्या सल्ल्याने शासनाने भाव बांधावेत, असे हनफी फिकहच्या ‘हिदाया’ ग्रंथातही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आयात खाद्यतेलावरील शुल्क वाढले, तेव्हा जुन्या शुल्कात आलेला साठा संपेपर्यंत किंमत वाढवू नये असे केंद्र सरकारने तेल कंपन्यांना सांगितले होते. अशी सूचना पाळणे हे त्या मतानुसार शरीअतला धरूनच आहे.

येथे एक भेद करावा असे मला वाटते, आणि त्याविषयी उलमांत चर्चा व्हावी. पावसामुळे चढलेल्या भावाचा नफा वेगळा आणि करकपातीचा पैसा वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून इन्स्टंट कॉफीवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे जी बरणी करासह ११८ रुपयांस पडत होती ती १०५ ला पडावी. हे १३ रुपये सरकारने ग्राहकासाठी सोडले आहेत. कंपनीने अथवा मोठ्या दुकानाने ते मूळ किमतीत गुपचूप मिसळले तर ती अमानतीत खयानत आहे. मात्र कंपोझिशन योजनेतील लहान दुकानदाराला खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. त्याने जुना साठा जुन्या भावाने संपविला तर त्याला दोष देऊ नये; तो स्वतःच्या खिशातून गेलेले पैसे वसूल करीत असतो. ग्राहकाने हे विचारून घ्यावे, ओरडू नये.

शेवटचा प्रश्न अनेक भगिनींनी विचारला आहे: सुपरमार्केट स्वस्त पडते, तर शेजारच्या मुस्लिम दुकानदाराला सोडणे गैर आहे काय? हजरत उमर (रजि.) यांनी हातिब बिन अबी बल्तआ (रजि.) यांना बाजारभावाहून स्वस्तात मनुका विकताना पाहिले, तेव्हा भाव वाढवा नाहीतर आमच्या बाजारातून उठा, असे सांगितल्याचे ‘मुवत्ता’मध्ये आहे. इमाम शाफई (रह.) यांच्याकडील वृत्तांतात मात्र पुढे असेही येते की उमर (रजि.) यांनी नंतर त्यांच्या घरी जाऊन, तो माझा हुकूम नव्हता, तुम्हाला हवे तसे विका, असे सांगितले. म्हणून स्वस्त विकणारा गुन्हेगार नाही आणि स्वस्त घेणाराही नाही. इतके मात्र ध्यानात असावे की इमारतीत धुणीभांडी करणारी बाई, बांधकामावरील मजूर हे मोठी बरणी घेऊच शकत नाहीत. ते पुडी घेतात, आणि पगार होईपर्यंतची उधारी त्यांना तो लहान दुकानदारच देतो. त्याचे दुकान टिकण्यात त्यांचा स्वार्थ आहे. आपण कोठून घ्यावे हे आपल्या ऐपतीवर व मर्जीवर आहे. फक्त त्याच्या वहीत आपल्या नावापुढे बाकी असेल, तर सुपरमार्केटची पहिली पिशवी भरण्यापूर्वी ती चुकती करावी. ते कर्ज आहे, आणि कर्जाला ‘ऑफर’ची मुदत लागू नाही.