प्रगत संगणनाचे पदव्युत्तर शिक्षण

संगणक हाताळता येणे आणि संगणनशास्त्र जाणणे या दोन भिन्न गोष्टी होत. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भर दुसऱ्या गोष्टीवर असतो.

पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याचे सामर्थ्य एखाद्या अतिवेगवान यंत्रात नव्हते, तर अनेक प्रक्रियकांमध्ये काम वाटून देण्यात होते. ही वाटणी कशी करावी, हा प्रगत संगणनातील एक प्रमुख अभ्यासविषय आहे.

सुगीचे उदाहरण घेऊ. कापणीस शंभर मजूर लावता येतात. परंतु कापणीपूर्वी मळणी करता येत नाही. संगणकाच्या कामातही काही भाग क्रमानेच करावा लागतो. असा भाग एकदशांश असल्यास कितीही प्रक्रियक जोडले तरी त्या कामाचा वेग दहापटीपलीकडे जात नाही, असा निष्कर्ष जीन अ‍ॅमडाल यांच्या १९६७ मधील विवेचनातून निघतो.

हे सारे गणित आहे. एम.सी.ए. हा पूर्वी तीन वर्षांचा असलेला अभ्यासक्रम २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाल्याने पायाभूत तयारीस तेथे सवड कमी मिळते. ती शाळेतच व्हावयास हवी. म्हणून अकरावीत गणित सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी वेळीच सावध करावे आणि गावच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिक्त राहू नये, यासाठी पंचायत सदस्यांनी पाठपुरावा करावा.