वाटी वेगळी ठेव गं

अगं, मायक्रोस्कोप घेतेयस हे ऐकून बरं वाटलं. फक्त ‘२००० पट मोठं दिसेल’ असल्या जाहिरातींना भुलू नकोस. हजार पटींच्या पुढे चित्र नुसतं फुगतं, नवं काही दिसत नाही. दहाची आयपीस आणि चाळीसचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे ४०० पट. पहिला पावसाळा एवढ्यावर मजेत जातो. उरलेल्या पैशांत मोजायची पट्टी घे, आयपीसमध्ये बसते ती. आणि तिच्या एका घराचे किती मायक्रॉन होतात, ते प्रत्येक भिंगाला वेगळं ठरवून घे. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नकोस.

सुरुवात अळंबीपासून नको. तुमच्या बिल्डिंगखाली चाफा आहे ना? त्याचं पान उलटं कर. पावसाळ्यात खालच्या बाजूला शेंदरी ठिपके येतात, बोट फिरवलं की भुकटी लागते. तो चाफ्याचा तांबेरा. सुईच्या टोकावर येईल तेवढीच घे, स्पिरिटचा एक थेंब, मग पाणी, वर कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच सोड. नुसत्या पाण्यात ती तरंगत बसते आणि हवेचे बुडबुडेच बीजाणू म्हणून मिरवतात. नीट जमलं की नारिंगी दाणे दिसतील, अंगभर खरखरीत. रॉबर्ट हुकने १६६५ साली गुलाबाच्या पानावरच्या तांबेऱ्याचं चित्र छापलं होतं, तेव्हा तू काही जगावेगळं करत नाहीयेस. घरच्यांना सांगायला बरं.

अळंबीच्या छत्र्यांचं मात्र वेगळं. पापुद्रा खरवडून स्लाइडवर घेतलास तर कच्चे-पक्के सगळेच येतात आणि मापं भरकटतात. दांडा काप, छत्री कागदावर पालथी ठेव, वर वाटी उपडी घाल, रात्रभर राहू दे. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा हवा, नाहीतर गळलेल्या बीजाणूंचा पांढरा ठसा दिसतच नाही. आपोआप गळतात ते पिकलेले. त्यातले वीस-तीस मोज, लांबी-रुंदी दोन्ही, आणि सगळ्यांत लहान-मोठा किती तेही लिही. फोटो काढच, पण आधी पेन्सिलीने चित्र काढ. काढताना डोळा थांबतो गं, आणि मग कळतं की या बीजाणूच्या एका टोकाला बारीक छिद्र आहे.

लॉनवर मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री दिसली तर तिचा ठसा जरूर घे. क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस या विषारी छत्रीचा असेल तर तो हिरवट येतो. खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो.

सासूबाई विचारतीलच, ‘मग खायची कुठली?’ सरळ हात जोड. वारुळावरच्या अळंबीचा ठसा गुलाबी, आणि एन्टोलोमा नावाच्या छत्र्यांचाही गुलाबीच, त्यातल्या काही विषारी. भिंगाखाली पहिलीचे बीजाणू गुळगुळीत लंबगोल, दुसरीचे कोनाकोनांचे. हा फरक तुला ओळखता आला, तरी तेवढ्या जोरावर ताटात काही वाढू नकोस.

नावाची घाईही नको. पुण्याच्या आघारकर संस्थेत अजरेकरांच्या नावाचा बुरशींचा संग्रह आहे. तिथेसुद्धा वाळवलेला नमुनाच जपतात. तूही प्रत्येक छत्री वाळवून पाकिटात ठेव, वर तारीख आणि कुठल्या झाडाखाली, ते लिही. नाव मागाहून बदलता येतं. झाड कुठलं होतं ते मागाहून आठवत नाही.

आणखी एक. तुला लहानपणी पावसाळ्यात धाप लागायची. तेव्हा पावावर, कांद्यावर बुरशी वाढवून डबे उघडत बसू नकोस. काळी भुकटी उडते ती थेट नाकात. अगदीच राहवलं नाही तर मास्क लाव आणि पंखा बंद कर.

आणि ती वाटी! स्वयंपाकघरातली नको. जुनी एक घे, तळाला नेलपॉलिशने फुली मार, नाहीतर कुणीतरी त्यातच आमटी वाढेल.