जुन्या जीपचे डिस्क ब्रेक : म्हसळ्यातील अनुभवाचे बोल

जुन्या जीपचे ड्रम ब्रेक उतरवून तेथे डिस्क ब्रेक बसवणे म्हणजे एक सुटा भाग बदलणे नव्हे, तर पॅडलपासून चाकापर्यंतची सगळी यंत्रणा नव्याने जुळवणे होय, आणि ज्या कारागिराला हे मान्य नसते तो गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळत असतो. प्रस्तुत लेखकाच्या सीजे ५०० डी या डिझेल जीपच्या बाबतीत जे घडले त्याचा दोष पुढे गाडीमालकाच्याच माथी मारण्यात आला. म्हणून वस्तुस्थिती काय होती हे लिहून ठेवणे आवश्यक ठरते.

कोकणातील म्हसळ्यासारख्या तालुक्यात ही दुरुस्ती करून घ्यावीशी वाटणे मुळीच गैर नाही. ड्रम ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या पोकळ लोखंडी ड्रमच्या आतील बाजूस लायनर, म्हणजे घर्षणपट्ट्या, दाबले जातात. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी साठते व पुढचा काही वेळ ब्रेक नीट लागत नाहीत, तर घाटाच्या लांब उतारावर तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो आणि पॅडल खोल जाऊ लागते. याउलट दोन पॅडच्या चिमटीत दाबली जाणारी डिस्क उघडी असल्याने पाणी झटकून टाकते, लवकर निवते, आणि तापून जाड झाली तरी पॅडच्या जवळच येते. १९५३ साली ल मां येथील २४ तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकल्यापासून हा गुण सर्वमान्य आहे. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे या घराण्यातील जीपना चारही चाकांना ड्रमच असत. २००० साली आलेल्या बोलेरोच्या पुढील चाकांना मात्र डिस्क मिळाल्या, आणि तिचेच डिस्क व कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा पकडीसारखा भाग, आज जुन्या जीपना जोडले जातात.

लेखकाने हे काम तालुक्याबाहेरील एका गॅरेजवाल्याकडे दिले आणि ते सुरू होण्यापूर्वीच त्याला मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलच्या दाबाने ऑईल पुढे ढकलणारे नळकांडे, बदलावे लागेल का असे स्पष्ट विचारले होते. ‘सगळ्यांना जुन्यावरच बसवून देतो, बूस्टरही लागत नाही’ हे त्याचे उत्तर होते; बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवणारे उपकरण. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये एक झडप असते व ती पाय उचलल्यावरही नळीत सुमारे १० पीएसआय दाब राखून ठेवते. ड्रममध्ये लायनर मागे ओढणाऱ्या स्प्रिंग असल्याने त्या दाबाने काही बिघडत नाही, पण कॅलिपरला तशी स्प्रिंग नसल्याने पॅड डिस्कला चिकटून घासत राहतात. गाडी ताब्यात मिळाली तेव्हाच पॅडल स्पंजसारखे दबत होते. ते दाखवल्यावर ‘डिस्कचे पॅडल असेच असते, सवय होईल’ असे सांगून पूर्ण रक्कम घेण्यात आली.

खरा प्रकार घोणसे घाटात उघड झाला. चढ संपवून गाडी माथ्यावर थांबली तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांपाशी जळका वास येत होता आणि हबजवळ हात नेववत नव्हता. चढावर ब्रेकला पायही लागलेला नसताना डिस्क तापल्या होत्या, याचा अर्थ त्या अखंड घासत होत्या, आणि ही एकच गोष्ट सर्व वाद मिटवण्यास पुरेशी आहे. बराच वेळ थांबून, चाके निवली असे वाटल्यावर उतार धरला, तरी पहिल्याच वळणांवर पॅडल तळाला गेले, कारण तापलेल्या ऑईलची वाफ झाली होती आणि वाफ दाब पुढे पोहोचवत नाही. गाडी थांबली ती पहिल्या गिअरवर आणि ट्रान्सफर केसमागील ड्रमवर चालणाऱ्या हातब्रेकवर.

यानंतर गॅरेजवाल्याने ‘घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरता, म्हणून असे होते’ असा उलट आरोप केला, चढावरच्या तापलेल्या चाकांविषयी चकार शब्द काढला नाही आणि नळीतील हवा पुन्हा काढून देण्याचे वेगळे पैसे मागितले. दुसऱ्या कारागिराने चाके उतरवताच आणखी एक गोष्ट दिसली : डावा कॅलिपर उजवीकडे व उजवा डावीकडे बसवलेला असल्याने हवा काढण्याचे निपल खालच्या बाजूला आले होते. हवा नेहमी वर चढते. तेव्हा खालच्या निपलमधून कितीही ऑईल सोडले तरी ती आतच राहणार व पॅडल स्पंजसारखेच दबणार, हे ब्रेकचे काम करणाऱ्यास ठाऊक नसणे अक्षम्य आहे.

म्हणून पैसे चुकते करण्यापूर्वी गाडीमालकाने स्वतः खाली वाकून निपल वरच्या टोकाला आहे का ते पाहावे; पुढची चाके जॅकवर उचलून, ब्रेक दाबून सोडल्यावर ती हाताने मोकळी फिरतात का ते तपासावे; आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून कॅलिपर रिमला किंवा ब्रेकची नळी टायरला लागत नाही याची खात्री करावी. मास्टर सिलिंडर डिस्कला पुरेसे ऑईल देणारा व दोन स्वतंत्र मार्गांचा घ्यावा, म्हणजे एक नळी फुटली तरी दोन चाकांचे ब्रेक उरतात. तो जुन्या जीपप्रमाणे पायाखाली, कॅलिपरहून खालच्या पातळीवर राहणार असेल, तर ऑईल मागे ओघळू नये म्हणून त्या मार्गात २ पीएसआयची झडप लागते, १० ची नव्हे. डिस्कला ड्रमहून अधिक दाब लागत असल्याने बूस्टर हवा, पण डिझेल इंजिनात त्याला लागणारी निर्वात ओढ आपोआप निर्माण होत नाही. त्यासाठी व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो, आणि अशी गाडी इंजिन बंद करून उतारावरून सोडणे हा आत्मघात आहे. मागील चाकांना ड्रमच ठेवावेत, मात्र ती पुढच्यांआधी जाम होऊन आखूड जीप फिरू नये म्हणून मागचा दाब मर्यादित करणारी झडप जोडावी. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ ऑईलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो, म्हणून कोकणात ते दर पावसाळ्यानंतर बदलावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत व नोंदणीला १५ वर्षे झाल्यावर नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, त्यामुळे पेण येथील परिवहन कार्यालयात आधीच लेखी विचारणा करावी. गॅरेजकडूनही कोणते भाग बदलले व कोणते जुने ठेवले याची सहीनिशी यादी घ्यावी. ती देण्यास जो नकार देतो त्याच्याकडून ब्रेकचे काम करून घेऊ नये, कारण प्रस्तुत प्रकरणात बिलावर केवळ ‘डिस्क काम’ एवढेच लिहिलेले असल्याने, दोष डोळ्यांना दिसत असूनही त्या गॅरेजकडून एक रुपयाही परत मिळवता आला नाही.