गप्प बसणाऱ्या मुलाचा पाठ
(पाचवी ते आठवीच्या वर्गांचे शिक्षक व पालक यांच्यासाठी)

शालेय कार्यक्रम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे स्नेहसंमेलनाचे व्यासपीठ उभे राहते. पडदा उघडतो, चारदोन चुणचुणीत मुले भाषणे करतात, नाचतात, बक्षिसे घेतात. उरलेली मुले सतरंजीवर बसून टाळ्या वाजवितात. कार्यक्रम यशस्वी झाला, असे आपण समाधानाने म्हणतो. परंतु सतरंजीवरचे मूल त्या दिवशी काय शिकले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रायपूर शहराच्या उदाहरणावरून आज या प्रश्नाचा विचार करू या.

१. एक वर्ग, अनेक भाषा

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले व रायपूर त्याची राजधानी झाली. १९५६ पर्यंत मात्र रायपूर व नागपूर एकाच राज्यात होते. त्याहीपूर्वी येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. म्हणून मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. वर्गातील एक मूल घरी छत्तीसगढी बोलते, दुसरे मराठी. पुस्तक असते हिंदी किंवा इंग्रजी. शब्द अडला की मूल गप्प बसते, आणि गप्प बसणाऱ्याला आपण मंद समजतो. अकराबारा वर्षांच्या वयात बसलेला हा शिक्का सहजासहजी पुसला जात नाही. उपक्रमाची खरी गरज येथे आहे.

२. एक चंद्र, दोन महिने

पोळ्याचा सण महाराष्ट्राप्रमाणे छत्तीसगडातही आहे. मातीचे बैल व मातीची भातुकली घेऊन मुले खेळतात. दिवस एकच, पण मराठी घरातील मूल सांगते, ‘आज श्रावण अमावास्या’, आणि शेजारचे मूल म्हणते, ‘नाही, भाद्रपद अमावास्या.’ चूक कोणाची? कोणाचीच नाही. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतीय गणनेत तो पौर्णिमेला संपतो. म्हणून कृष्णपक्षाला दोन ठिकाणी दोन महिन्यांची नावे मिळतात.

दोन्ही घरांतील पंचांगे वर्गात आणावीत, मुलांनी महिनाभर रोज चंद्राची आकृती वहीत काढावी. येथे कोणाच्या पूजाविधीचा प्रश्न नाही. हा चंद्राच्या गतीचा पाठ आहे. ख्रिस्ती मुलानेही त्यात भर घालावी, कारण ईस्टरची तारीखसुद्धा चंद्रावरच ठरते: २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, अशी चर्चची गणना आहे.

३. धानाचे गणित

पौष पौर्णिमेला छत्तीसगडात छेरछेरा असतो. पीक घरात आलेले असते. मुले दारोदार जाऊन धान मागतात. हे धान मोजण्याचे जुने माप काठा. वीस काठ्यांची एक खांडी. आपल्या पायली व खंडीशी त्याची तुलना करता येते. शासकीय धानखरेदीच्या हिशोबात १०० किलो धानापासून साधा तांदूळ ६७ किलो, असे प्रमाण धरतात. शेकडेवारी शिकविण्यास याहून जिवंत उदाहरण कोणते? आणि त्या दिवशी फळ्याजवळ येऊन काठा समजावून सांगणारे मूल बहुधा तेच असते, जे एरवी मागच्या बाकावर गप्प असते.

४. हातांना काम

हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली. त्याच सुमारास, रायपूर ही ज्यांची कर्मभूमी, ते पंडित रविशंकर शुक्ल मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री होते व त्यांनी ‘विद्यामंदिर’ योजना पुढे आणली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले असून, त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकावे असे म्हटले आहे.

रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाची स्थापना १८७५ ची. तेथे सहल नेल्यास मुलांची रांग घाईघाईने दालनांतून फिरवू नये. दोघादोघांनी एकच वस्तू निवडावी, ती अर्धा तास पाहावी, तिचे चित्र काढावे व दुसऱ्या दिवशी वर्गाला तिची माहिती द्यावी.

५. सारांश

उपक्रमाचे मोल टाळ्यांवरून ठरत नाही. त्या दिवशी प्रत्येक मुलाच्या वाट्याला खरे काम आले काय, आणि जे बोलत नव्हते ते बोलले काय, यावरून ते ठरते. व्यासपीठ सजविण्यापूर्वी शिक्षकाने हजेरीपट उघडावा व प्रत्येक नावापुढे एक काम लिहावे. एकही नाव रिकामे राहू नये.

विचारार्थ प्रश्न

१. गेल्या वर्षीच्या संमेलनात आपल्या वर्गातील किती मुलांना काहीच काम नव्हते?
२. आपल्या वर्गातील सर्वांत अबोल मुलाला घरची अशी कोणती गोष्ट येते, जी आपल्यालाही येत नाही?
३. ती गोष्ट कोणत्या विषयाच्या पाठात आणता येईल?