लाल दिवा विझत नाही, म्हणून बॅटरी बदलायची का?

प्रश्न : आमच्या ६ व्होल्टच्या, डायनामोवाल्या जुन्या येझदीचा चार्जिंगचा लाल दिवा वेगातही मंद पेटलेला राहतो. मेकॅनिक नवी बॅटरी टाकायला सांगतात. टाकू का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : एवढ्यात नको. हा दिवा बॅटरीची तब्येत सांगत नाही. त्याचे एक टोक स्विचमार्गे बॅटरीला आणि दुसरे डायनामोला जोडलेले असते. दोन्हीकडच्या व्होल्टेजमध्ये फरक असेल तरच तो पेटतो. म्हणून आयडलला लुकलुकला तर काळजी नको, पण वेगात तो पूर्ण विझायलाच हवा. रेस वाढवल्यावर त्याचा उजेड वाढत असेल, तर डायनामो बहुधा ठीक आहे आणि करंट वाटेत अडतोय : रेग्युलेटरमधले कटआउटचे पॉइंट जळलेले असतील किंवा एखादी जोडणी गंजली असेल. उजेड कमी होतो पण जात नाही, असे असेल तर आधी डायनामो उघडा. कार्बन ब्रश झिजलेत का, कम्युटेटर काळा पडून खाचांत भुकटी बसलीय का, ते पाहा.

नवी बॅटरी टाकल्यावर गाडी सुधारते, असे मेकॅनिक म्हणतील. सुधारतेही, पण ती भरून आणलेल्या साठ्यावर. या गाडीची ठिणगीही बॅटरीवरच चालते. रात्री हेडलाइट लावून कसारा घाटात निघालात आणि साठा संपला, तर इंजिनच बंद पडेल. मध्यम रेसवर बॅटरीच्या टोकांना मीटर लावा. ७ व्होल्टच्या आसपास आकडा येऊनही बॅटरी उतरत असेल, तरच ती बदला.